तुलनेसाठी राखलेला चौकोन

नमुनेसाहेबांच्या घरातला ओव्हन हा ओव्हन नव्हताच, ते कपाट होतं. त्यात कढया होत्या, तवे होते, भांडी हरवलेली तीन झाकणं होती, झाकण हरवलेलं एक भांडं होतं आणि अगदी आत कुणीतरी भेट दिलेला, कशासाठी असतो ते अजून न कळलेला एक लांब चिमटा होता. घर भाड्याचं, ओव्हन घराबरोबर आलेला. राहायला आल्या दिवशी नवराबायकोंनी त्याचं दार उघडून आत पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्रं अंथरून आत भांडी रचून टाकली. त्यानंतर ओव्हनमध्ये हात जायचा, नजर जात नसे.

नमुनेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. इमारतीत आल्या आल्या त्यांनी, कुणीही सांगितलेलं नसताना, प्रत्येक मजल्यावरच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि जिन्याखालच्या फळ्यावर निकाल लावला. तेव्हापासून सगळे त्यांना नमुनेसाहेब म्हणू लागले. हे लोक आदराने म्हणतात अशी त्यांची समजूत होती. बायकोने ती कधी मोडली नाही. संसार टिकतो तो अशा न मोडलेल्या समजुतींवर.

बायको दातांची डॉक्टर. वर घर आणि त्याच्या बरोबर खाली तिचा दवाखाना, दोन्ही जागा एकाच मालकीणबाईंच्या, दोन्हींचा करारही एकच. दवाखान्यातली खुर्ची चार माणसांनी उचलून आणली होती आणि फरशीत बोल्ट मारून बसवली होती. पेशंट आत्ता कुठे यायला लागले होते. आणि दातांचा पेशंट हा असा प्राणी आहे की त्याला पळायला निमित्तच हवं असतं. पत्ता बदलला की तो कायमचा सुटला म्हणून समजावं.

अशा वेळी मालकीणबाईंचा फोन आला. बाई पूर्वी शाळेत भूमिती शिकवायच्या. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता, पण फोनवर त्यांचा आवाज आला की नमुनेसाहेब बसलेले असले तर उभे राहत.

“रविवारी सकाळी येते,” बाई म्हणाल्या. “करार संपतोय तुमचा. माझा भाचा मागे लागलाय, घर आणि खालचा गाळा दोन्ही त्याला हवंय. पण घर नीट राखणारी माणसं असतील तर मला माणसं बदलायची हौस नाही. येऊन बघते आणि काय ते ठरवते.”

“जरूर या, बाई.”

“आणि माझ्या ओव्हनमध्ये एक केक करते. धाकटी बहीण यायचीय, तिला माझ्याच हातचा लागतो आणि मुलाच्या घरी ओव्हन नाही. ओव्हन आहे ना जागच्या जागी?”

इथे ‘बघून सांगतो’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. प्रयोगशाळेत नमुनेसाहेब दिवसभर हेच म्हणत असतात. पण ‘घर नीट राखणारी माणसं’ हे शब्द त्यांच्या कानात अजून घुमत होते.

“जागच्या जागी? आरशासारखा ठेवलाय, बाई! तोंड बघून घ्यावं!”

पलीकडून पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.

“आरशासारखा,” बाई म्हणाल्या. “बरं.” आणि फोन ठेवला.

मागे उभ्या असलेल्या डॉक्टरने फक्त एवढंच विचारलं, “आपण त्यात तोंड बघायचं झालं तर आधी कढया काढाव्या लागतील ना रे?”

कढया काढल्या. त्या पलंगावर गेल्या, कारण दुसरीकडे जागा नव्हती. जागा नव्हती म्हणूनच तर त्या ओव्हनमध्ये होत्या. वर्तमानपत्रं काढली. त्यातलं शेवटचं निघायला तयार नव्हतं. ते तळाशी एकजीव झालं होतं आणि त्यावरचा कुणाचा तरी हसरा चेहरा आता कायमचा ओव्हनचा झाला होता. आतला रंग काळा होता असं म्हणणं पुरेसं नाही. काळ्यावर तपकिरी, तपकिरीवर चकचकीत डांबरासारखं काहीतरी, आणि त्यावर खरखरीत राखाडी कवच. दाराच्या काचेतून तर सूर्यग्रहण बघता आलं असतं.

दुसरा कुणी असता तर त्याने डोक्याला हात लावला असता. नमुनेसाहेबांनी टॉर्च लावला. त्यांचे डोळे चमकायला लागले, आणि ते पाहून डॉक्टर स्टूल ओढून बसली.

“थर आहेत हे,” ते ओव्हनमध्ये डोकं घालून म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. “आधीचा भाडेकरू कसा होता ते सगळं यात लिहिलेलं आहे.”

आधीच्या भाडेकरूबद्दल दोघांना काहीच ठाऊक नव्हतं. ‘आधीची पार्टी घर सोडून गेली,’ एवढंच दलाल म्हणाला होता. तेवढ्या धाग्यावर नमुनेसाहेबांनी अख्खा माणूस विणला.

“एकटा राहायचा.”

“कशावरून?”

“तळावरचे डाग सगळे डावीकडे. ट्रे कायम एकाच बाजूला सरकवलेला. घरात दुसरं माणूस असतं तर भांडण होऊन कधीतरी उजवीकडे गेला असता.” डोकं थोडं आणखी आत गेलं. “तापट. मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात स्फोट झाल्यासारखा डाग आहे. काहीतरी आत फेकलंय रागाने. आळशी, ते सांगायला नकोच. आणि भूमितीत नापास.”

“आता हे कुठून आलं?”

“हे बघ, हे थेंब नाहीत, ओघळ आहेत. साचा काठोकाठ भरायचा. पीठ फुगणार, त्याचं आकारमान वाढणार, याचा अंदाज शून्य. शाळेत मागच्या बाकावर बसलेला असणार.”

डॉक्टरला हे सगळं पटलं. न पाहिलेल्या माणसाला नावं ठेवण्यात एक निर्मळ आनंद असतो, आणि तो मिळत असला की पुराव्याकडे कुणी फार बघत नाही.

*

आता सरळ घासायला सुरुवात करायची. पण सरळ घासलं तर ती नुसती सफाई झाली असती. नमुनेसाहेबांनी प्रयोगशाळेतून खडू आणला आणि ओव्हनच्या आत, तळावर आणि मागच्या भिंतीवर, पट्टी लावून चौकोन आखले. काळ्यावर खडू फळ्यावर उठावा तसा उठला. प्रत्येक चौकोनाला वेगळा उपाय, प्रत्येकाला सारखा वेळ, सारखा जोर. ज्या चौकोनाचा निकाल चांगला येईल तो उपाय सगळीकडे वापरायचा.

“आणि हा वरचा, उजव्या कोपऱ्यातला चौकोन,” ते म्हणाले, “याला काहीही लावायचं नाही.”

“का? याने काय पुण्य केलंय?”

“हा तुलनेसाठी. एक तसाच ठेवावा लागतो. नाहीतर बाकीचे स्वच्छ झाले हे कळणार कसं?”

“बघून.”

“नुसतं बघून काही ठरत नसतं.”

“माझ्याकडे एखादा पेशंट आला,” डॉक्टर म्हणाली, “आणि मी त्याचे सगळे दात साफ करून एक तुलनेसाठी तसाच ठेवला, तर तो मला काय म्हणेल?”

“त्याला निकाल समजेल,” नमुनेसाहेब गंभीरपणे म्हणाले.

पलंगावरच्या कढया सगळ्यात आधी कुणी पाहिल्या असतील तर त्या वरच्या काकूंनी. काकू वरच्या मजल्यावर येऊन वर्षही झालं नव्हतं, पण सल्ल्यांच्या बाबतीत इमारतीत त्यांच्याइतकं जुनं कुणी नव्हतं. त्या दारातूनच म्हणाल्या, “लिंबू.”

“काकू, आत तर या.”

“लिंबू अर्धं कापायचं, त्यावर खायचा सोडा घालायचा आणि चोळायचं. फसफसलं की समजायचं, काम झालं.”

नमुनेसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलट, दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, फसफस होते ती त्यांच्या भांडणाची, आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“फसफसतं का नाही?”

“फसफसतं, पण...”

“मग झालं तर.”

काकूंना एक चौकोन द्यावा लागला. तिथून गाडी घसरली. कारण काकूंना चौकोन मिळाला ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यांवरून फिरली आणि ज्याला त्याला चौकोन हवासा झाला. नमुनेसाहेबांच्या सासूबाईंनी फोनवरून मिठासाठी एक राखून ठेवला. डॉक्टरचे पेशंटसुद्धा मागे राहिले नाहीत. तोंडात आरसा आणि कापूस असताना हातवारे करून त्यांनी टूथपेस्ट सुचवली आणि त्यासाठी खुर्चीतून उठून बसायलाही ते तयार होते. एरवी चूळ भरायला सांगितलं तरी ज्यांचे पाय कापायचे ती माणसं तपासणी झाल्यावर “जरा वर जाऊन येऊ का?” असं विचारू लागली. दवाखाना इतका कधी चालला नव्हता.

लोक यायचे, वाकून बघायचे. इस्पितळात भेटीच्या वेळी यावं तसे हळू आवाजात विचारायचे, “आमचा कसा आहे?”

“आहे तसाच आहे. अजून वेळ द्यावा लागेल.”

“शेजारचा बरा दिसतोय.”

“तो सासूबाईंचा.”

“अच्छा. म्हणजे घरचा म्हणून जास्त लक्ष.”

हा आरोप नमुनेसाहेबांच्या फार जिव्हारी लागला. आजवर त्यांनी कितीतरी गावांचं पाणी तपासलं, पण एकाही विहिरीने त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवला नव्हता. त्यातच एके सकाळी काकूंचा चौकोन अचानक लख्ख झालेला आढळला. चौकशीअंती कळलं की डॉक्टरने दार उघडं ठेवलेलं पाहून काकू आत आल्या होत्या आणि तारेच्या घासणीने, दोन्ही हातांनी, आपल्या चौकोनाची जोरदार सेवा करून गेल्या होत्या.

“काकू, ही ढवळाढवळ आहे! सारखा जोर म्हणालो होतो मी!”

“माझा जोर सारखाच आहे,” काकू म्हणाल्या. “तुमचा कमी पडतो त्याला मी काय करू?”

इमारतीचे सेक्रेटरी आले ते मात्र चौकोन मागायला नव्हे. ते मागे हात बांधून ओव्हनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “एवढं घासता कशाला? पूर्ण तापवा. जळून जाईल सगळं. राख झटकून टाका.”

नमुनेसाहेबांना यात तथ्य वाटलं. ओव्हन पूर्ण तापवला. जळून जाण्याच्या आधी त्या थरांनी एक पायरी गाठली, ती म्हणजे धूर. तो आधी स्वयंपाकघरात मावत होता, मग घरात मावेना, मग जिन्यात गेला, आणि जिन्यातली धुराची घंटा, जी कधी वाजते की नाही याबद्दल सगळ्यांनाच शंका होती, ती वाजली. सगळी इमारत खाली उतरली. डॉक्टरचा एक पेशंट अर्धी दाढ भरलेली, गळ्यात निळा रुमाल, अशा अवस्थेत पळाला तो दुसऱ्या दिवशीच सापडला.

संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी हातात कागद होता.

“इमारतीत रासायनिक प्रक्रिया करायला मनाई आहे. कारण दाखवा नोटीस आहे ही. आणि धूर करण्यासाठी आगाऊ परवानगीचा अर्ज करावा लागतो, तोही द्या.”

“पण धूर तर झाला!”

“म्हणून तर म्हणतो, कालच्या तारखेचा द्या.”

“अहो, तापवा असं तुम्हीच सांगितलंत!”

“तेव्हा मी शेजारी म्हणून बोलत होतो,” सेक्रेटरी म्हणाले. “आता सेक्रेटरी म्हणून बोलतोय.” आणि जाता जाता, बहुतेक शेजारी म्हणून, ओव्हनमध्ये वाकून बघत म्हणाले, “टूथपेस्टला काही अर्थ नाही.”

*

शनिवारी सगळे निकाल हाती आले. ते असे, की सगळे चौकोन साधारण सारखेच निघाले होते. जिथे ओलावा जास्त वेळ राहिला आणि हात जास्त फिरला तिथे काळं सुटलं. त्यावर लिंबू होतं की मीठ, याला फारशी किंमत नव्हती. नमुनेसाहेबांना हे शास्त्राच्या दृष्टीने समाधानकारक वाटलं. डॉक्टरने कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

“उद्या रविवार.”

मग मात्र नमुनेसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी दुकानातून कॉस्टिक सोड्याची पुडी आणली, हातमोजे चढवले, चष्मा लावला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तो पाण्यात कालवून, तुलनेचा चौकोन तेवढा सोडून, ब्रशने सगळीकडे फिरवला. आत, बाहेर, दारावर, बटणावर, मागे. कॉस्टिकला भेदभाव माहीत नाही. त्याने काळं काढलं, तपकिरी काढलं, तो करपलेला हसरा चेहरा काढला. बटणाभोवतीचे तापमानाचे आकडे काढले. मागच्या बाजूला कंपनीने चिकटवलेली नंबराची पट्टी होती, ती आधी मऊ झाली, मग सरकली, मग बोळा होऊन मोरीत गेली.

उरले ते कोपरे. तिथलं कवच दगडासारखं झालं होतं. डॉक्टर दुपारी दवाखाना आटोपून वर आली, नवऱ्याला बाजूला केलं, खालून आणलेली दातांवरचं कीटण खरवडायची हत्यारं ओळीने मांडली आणि ओव्हनमध्ये डोकं घालून काम सुरू केलं. टक, टक, खर्र. टिकल्यांसारखे काळे तुकडे पडू लागले.

“हिरड्या चांगल्या आहेत,” ती आतून म्हणाली. “फक्त वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही.”

खाली निळसर करडा मुलामा निघाला, त्यावर बारीक पांढरे ठिपके. चांदण्यांसारखे. दोघं दोन मिनिटं बघत राहिली. मग डॉक्टरचं हत्यार उजव्या वरच्या कोपऱ्याकडे वळलं आणि नमुनेसाहेबांनी तिचा हात धरला.

“तो नाही.”

“अरे, झाला ना तुझा प्रयोग!”

“प्रयोग झाला म्हणून तुलनेचा चौकोन काढत नाहीत. तो राहतो.”

“उद्या बाई येणारेत. करारावर सही व्हायचीय. माझी खुर्ची फरशीत बोल्ट मारून बसवलीय. आणि तू मला ओव्हनमध्ये एक घाणेरडा चौकोन ठेवायला सांगतोयस, शास्त्रासाठी?”

“कोपऱ्यात आहे. वाकल्याशिवाय दिसत नाही.”

“बाई भूमितीच्या आहेत. त्यांना चौकोन दिसतोच.”

नमुनेसाहेबांनी हात सोडला नाही. आठवडाभर सगळ्यांनी त्यांचे चौकोन पळवले होते, जोर वाढवला होता, पक्षपाताचा आरोप केला होता, कालच्या तारखेचा अर्ज लिहून घेतला होता. एवढा एकच चौकोन नियमाने राहिला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरने हत्यार खाली ठेवलं. “ठेव,” ती म्हणाली. “पण उद्या काही झालं तर खुर्ची तू एकटा उचलायची.”

*

बाई वेळेवर आल्या. एका हातात केकचा साचा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कराराचा कागद. साक्षीदार लागतात म्हणून काकू आणि सेक्रेटरी आधीच येऊन बसले होते. साक्षीदार लागले नसते तरी ते आलेच असते.

बाईंनी घर पाहिलं, भिंती पाहिल्या, नळ उघडून बंद केले. पलंगावरच्या कढया पाहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन ओव्हनचं दार उघडलं.

ते लावून पुन्हा उघडलं.

“हा कुणाचा ओव्हन?”

नमुनेसाहेब हसले. “तुमचाच, बाई.”

“माझा आतून काळा होता.”

“धुतला, बाई.”

“रंग धुतला?”

“तो रंग नव्हता, बाई.”

बाईंनी बटणाला हात लावला. “इथे आकडे होते.”

“निघाले.”

“मागे नंबराची पट्टी होती.”

“विरघळली.”

“दाराची काच काळी होती.”

“ती मुळात पारदर्शकच असते, बाई.”

प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरागणिक नमुनेसाहेब जास्त जास्त चोर दिसत होते. त्यांनाही ते जाणवत होतं. कपाळावर घाम आला होता, आणि घाम आल्यावर तर माणूस पुरता गुन्हेगार दिसतो.

“त्या दिवशी फोनवर आरशासारखा म्हणालात, तेव्हाच मला शंका आली होती,” बाई म्हणाल्या. “माझा ओव्हन आरशासारखा असणं शक्यच नाही. तो मोडलात आणि हा आणून ठेवलात. मोडला तर मोडला, मला त्याचं काही नाही. पण लपवालपवी करणारी माणसं मला घरात नकोत.” त्यांनी पिशवी उचलली. “नाहीतर सिद्ध करा, हा तोच आहे.”

डॉक्टरच्या डोळ्यांसमोर चार माणसं तिची खुर्ची बोल्टांसकट उपटताना दिसू लागली.

“अहो तोच आहे हो, बाई!” काकू मदतीला धावल्या. “आम्ही सगळ्यांनी घासलाय. आधीचा भाडेकरू म्हणजे काय माणूस होता, विचारू नका. नमुनेसाहेबांनी नुसत्या डागांवरून ओळखला त्याला. एकटा, तापट, आळशी, आणि भूमितीत नापास!”

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

“यांच्या आधी इथे भाडेकरू नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी राहत होते.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरी छताकडे बघू लागले.

“तुम्हाला माहीत होतं?” नमुनेसाहेबांनी सेक्रेटरींना कसंबसं विचारलं.

“होतं,” सेक्रेटरी म्हणाले. “पण कुणी लेखी विचारलं नाही.”

पुढे झाली ती डॉक्टर. तिने टॉर्च घेतला, ओव्हनसमोर बसली आणि उजेड आत टाकला.

“बाई, जरा वाकून बघा. मागच्या भिंतीवर, उजवीकडे, वर.”

बाईंनी चष्मा लावला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. चांदण्यांसारख्या ठिपक्यांच्या गराड्यात, पट्टीने आखलेला, काळाकुट्ट चौकोन होता. त्यात बोटांएवढ्या फांद्या फुटलेला एक डाग होता.

“हा... अगं, हा तर धाकटीचा बटाटा!”

कुणाला काही कळलं नाही.

“माझी बहीण. सालासकट बटाटे भाजायला ठेवले आणि काट्याने टोचायला विसरली. एक फुटला, एवढा मोठा आवाज! मी तेव्हा अशी काही चिडले होते तिच्यावर...” बाई अजून वाकलेल्याच होत्या. “हा कसा काय राहिला?”

“तुलनेसाठी,” डॉक्टर म्हणाली. “यांनी मला हात लावू दिला नाही.” आणि हे सांगताना, आदल्या दिवशी ती काय म्हणाली होती ते तिने सांगितलं नाही.

बाई सरळ झाल्या. नमुनेसाहेबांकडे, गृहपाठ तपासावा तशा, नीट बघू लागल्या.

“एकटी राहायची, बरोबर. तापट, बरोबर. आळशी... ओव्हन धुवायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, पण चला, अर्धा गुण. भूमितीत नापास मात्र साफ चूक. कशावरून काढलंत?”

“ओघळांवरून, बाई.” नमुनेसाहेबांनी ओव्हनच्या तळाकडे बोट दाखवलं. “साचा... काठोकाठ...”

“मी साचा कधीही काठोकाठ भरत नाही,” बाई म्हणाल्या. “तापवा ओव्हन.”

बटणावर आकडे नव्हते, पण बाईंना त्यांची गरज नव्हती. त्यांनी न बघता बटण फिरवलं. पीठ कालवलं, साच्यात ओतलं. पिठाची पातळी साच्याच्या काठापासून किती खाली आहे हे नमुनेसाहेबांना दिसत होतं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक निरीक्षण मनातच ठेवलं. साचा आत गेला, डावीकडे. दार लागलं.

मग असं झालं की ओव्हनच्या आत दिसत होतं. इतक्या वर्षांत कुणालाच ते दिसलं नव्हतं. बाईंनाही नाही, त्या वासावरून काढायच्या. पाचही जणं काचेसमोर बसली. केक हळूहळू वर आला. काठाशी आला. थोडा थांबला, विचार केल्यासारखा. मग काठावरून एक जाडसर जीभ बाहेर आली, लोंबली, लांब झाली आणि लख्ख तळावर पडली. चर्र असा आवाज झाला.

“अगं बाई, माझ्या चौकोनात!” काकू किंचाळल्या.

नमुनेसाहेबांनी श्वास रोखून धरला. डॉक्टरने त्यांचा हात घट्ट पकडला होता. त्यांनी काही बोलू नये म्हणून.

बाई काचेतून बघत राहिल्या. दुसरा ओघळ निघाला आणि पहिल्याच्या शेजारी पडला. चांगला वास सुटला होता, त्यात थोडं जळकट मिसळायला लागलं होतं. बाईंनी तो वास एकदा खोल घेतला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“हा,” त्या म्हणाल्या, “आता कसा माझा ओव्हन वाटतोय.”

त्यांनी पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला आणि सही केली. साक्षीदारांनी सह्या केल्या. सेक्रेटरींनी आधी विचारून घेतलं की शेजारी म्हणून करायची की सेक्रेटरी म्हणून. बाईंनी पेनाला टोपण लावलं, मग पुन्हा काढलं आणि नमुनेसाहेबांकडे वळल्या.

“तो चौथा गुणही घ्या,” त्या म्हणाल्या. “पायऱ्या सगळ्या बरोबर लिहिल्यात.”

केक खरपूस झाला होता. तो बाहेर काढायला बाईंनी पलंगावरच्या ढिगातून तो लांब चिमटा उचलला, जणू तो त्यासाठीच असतो. कदाचित असेलही. सगळे केककडे बघत होते, तेवढ्यात नमुनेसाहेबांनी हळूच खिशातून खडू काढला आणि ताज्या ओघळाभोवती चौकोन आखायला ते ओव्हनपाशी वाकले.

डॉक्टरने न बघताच तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्याजागी ओलं फडकं ठेवलं.